तबकडीवर नसलेली नावे

उस्मानाबाद जिल्ह्याचा (२०२३ पासून धाराशिव) आणि जाझ संगीताचा काही संबंध आहे असे म्हटले तर ऐकणारा हसेल. तुळजापूरचा संबळ, हलगी, गावोगावची भजनी मंडळे हे आमचे संगीत. त्यात न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वादकांचे काय काम? तरीही गेली पंचवीसएक वर्षे जमेल तसे जाझ ऐकत आलेल्या माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला आता असे वाटते की हा संबंध होता. फक्त तो निनावी होता. या निनावीपणाचा इतिहास सांगावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझ्यापुरती सुरुवात लग्नाच्या वरातीपासून होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे लग्नात बँड असे. दोन क्लॅरिनेट, एक ट्रम्पेट, एक मोठा ढोल, एक साइड ड्रम आणि खुळखुळा घेतलेले एखादे पोर. वरात मारुतीच्या देवळापाशी थांबली की 'शोला जो भडके' हे गाणे हमखास वाजे. गाण्याची चाल संपली तरी ट्रम्पेटवाला थांबत नसे. चालीच्या आसपास हिंडत, एखादा सूर मुद्दाम उशिरा घेत, एखादा फोडत तो दोन-तीन आवर्तने काढी आणि मग क्लॅरिनेटवाल्याकडे पाहून मान हलवी. क्लॅरिनेटवाला पुढचे उचली. नाचणाऱ्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. मला मात्र तो भाग गाण्यापेक्षा जास्त आवडे. पुढे औरंगाबादला एम. ए. करताना जुन्या कॅसेटच्या ढिगातून लुई आर्मस्ट्राँगची एक कॅसेट हाती लागली, तीही केवळ मुखपृष्ठावरच्या ट्रम्पेटमुळे विकत घेतली. खोलीवर येऊन लावली आणि पहिल्या काही मिनिटांतच वाटले, हे तर आपण मारुतीच्या देवळापाशी ऐकले आहे.

अर्थात हा भास होता, आणि तो पुरता खोटाही नव्हता. तो कितपत खरा होता हे तपासण्यासाठी आधी जाझ म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. व्याख्यांच्या फंदात पडत नाही. आपल्या ओळखीचे उदाहरण कीर्तनाचे. निरूपणाचा अभंग सर्वांना पाठ असतो, उत्तररंगातले आख्यानही सर्वांना ठाऊक असते. तरी लोक अमुकच बुवांचे कीर्तन ऐकायला चार कोस चालत जातात, कारण ठाऊक असलेले ते आज कसे सांगतात हे ऐकायचे असते. जाझमध्येही एखादे सर्वांच्या ओळखीचे गाणे घेतात, त्याची स्वरसंगतींची चौकट कायम ठेवतात, आणि त्या चौकटीत प्रत्येक वादक जागच्या जागी आपले काहीतरी रचतो. रचनाकार गौण, वादक प्रमुख. म्हणून जाझचा रसिक 'कोणते गाणे' असे विचारण्याआधी 'कोण वाजवतो आहे' असे विचारतो.

या सवयीतून एक मोठी गोष्ट घडली. जाझची पहिली तबकडी १९१७ सालची. ती वाजवणारे वादक गोरे होते हा इतिहासाचा एक विनोदच म्हणायचा. १९२५ ते १९२८ या काळात आर्मस्ट्राँगने 'हॉट फाइव्ह' आणि 'हॉट सेव्हन' या नावांनी केलेली ध्वनिमुद्रणे म्हणजे जाझचा पाया. त्यांतल्या २८ जून १९२८ च्या 'वेस्ट एंड ब्लूज'च्या सुरुवातीला ट्रम्पेट एकटाच, कोणत्याही साथीशिवाय, काही सेकंद वाजतो. तेवढ्या सेकंदांवर अभ्यासकांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. ही तारीख मी येथे दिवसासकट लिहू शकतो, पियानोवर अर्ल हाइन्स होता हेही सांगू शकतो, ते या रसिकांमुळे. तबकडीच्या कागदी चकतीवर सगळ्या वादकांची नावे नसत. रसिकांनी ती शोधून काढली. जिवंत वादकांना गाठून विचारले, कंपन्यांच्या वह्या तपासल्या, आवाजावरून ओळख पटवली. फ्रान्समधल्या शार्ल दलोने याने १९३६ मध्ये जाझच्या ध्वनिमुद्रणांची सूचीच ग्रंथरूपाने काढली. प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी तारीख, स्थळ, वादक, वाद्य. पाठचिकित्सा शिकलेल्या आपल्यासारख्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. आपण ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ज्या निष्ठेने ताडून पाहतो त्या निष्ठेने हे लोक तीन मिनिटांच्या नाचाच्या तबकड्या ताडून पाहत होते.

आता मुंबईकडे वळू. कारण जाझ आमच्या जिल्ह्यात आले ते मुंबईवरून.

१९३५ च्या हंगामात लिऑन ॲबी नावाचा आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादक आपला सगळा वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९२६ मध्ये शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदाने केलेल्या ध्वनिमुद्रणांत पियानोवर वेदरफोर्ड आहे आणि त्याच्या शेजारी ट्रम्पेटसह आर्मस्ट्राँग. म्हणजे ज्याने आर्मस्ट्राँगला खांद्याला खांदा लावून ऐकले तो माणूस मुंबईत आणि पुढे कलकत्त्यात रोज रात्री वाजवत होता. स्वदेशात काळा म्हणून ज्यांना मागच्या दाराने आत यावे लागे अशा या वादकांना इथे मान मिळाला, पैसा मिळाला. (इथल्या काळ्यांना मात्र त्याच हॉटेलांत श्रोता म्हणून शिरणे सोपे नव्हते, हा भाग वेगळा.) वेदरफोर्ड १९४५ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात पटकीने वारला. जगाच्या जाझ इतिहासात तो तळटिपेत असतो. आपल्या इतिहासात तेथेही नसतो.

ही मंडळी गेली तरी त्यांचे वाजवणे मागे राहिले, कारण ते उचलून घेणारे कान येथे तयार होते. ते कान गोव्याचे होते. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकवले जाई. उद्देश अर्थात प्रार्थनासंगीताचा. पण त्यातून पिढ्यानपिढ्या कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवणारे लोक तयार झाले. शेती तुटपुंजी, नोकऱ्या नाहीत. मग ही मुले वाद्याची पेटी घेऊन मुंबईला येत आणि धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कुडां'मध्ये, म्हणजे गावकीच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहत. पोलिसांचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांच्या चित्रगृहांतली वाद्यवृंदे, मग हॉटेले अशी त्यांची वाटचाल. ताजमध्ये १९३९ पासून सुमारे दोन दशके मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद होता. पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन होता. आणि हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ होता.

वाझ हे नाव कोणाला ठाऊक नसेल. १९१६ साली जन्मलेला हा मुलगा पुढे चिक चॉकलेट या नावाने वावरला आणि 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखला गेला. ही पदवी आज थोडी खटकते. 'महाराष्ट्राचा शेक्सपिअर' म्हणण्यातला जो न्यूनगंड, तोच येथेही. पण चिकने ती आनंदाने मिरवली. आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज, कपाळाचा घाम टिपायचा रुमाल, ट्रम्पेट वर उचलून धरण्याची ढब, सगळे त्याने उचलले होते. चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा वाद्यवृंद मुंबईच्या हॉटेलांत गाजत होता. मात्र रात्रीमागून रात्री तेथे जे वाजले त्यातले बहुतेक त्याच रात्री हवेत विरले.

मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. मोरारजीभाईंच्या या कायद्याची चर्चा आपण समाजसुधारणेच्या अंगाने करतो, हातभट्टीच्या अंगाने करतो. संगीताच्या अंगाने कोणी करत नाही. मद्य गेले तशी नाचघरांची रया गेली आणि बँडचे उत्पन्न आटले. त्याच सुमारास फाळणीमुळे लाहोरचे कलावंत मुंबईत आले होते. बोलपटांचा धंदा वाढत होता, वाद्यवृंद मोठे होत होते आणि निर्मात्यांना कागद वाचून एका दमात वाजवणारे वादक हवे होते. हॉटेलातला जाझवाला दिवसा स्टुडिओत जाऊ लागला. जाझ सामान्य मराठी माणसाच्या कानापर्यंत पोचण्याचे खरे कारण हे आहे, असे माझे मत आहे. ताजच्या नाचघरातून ते कधीच आमच्यापर्यंत आले नसते.

या वळणावर उभा असलेला माणूस मराठी होता. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. जन्म १९१८. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रोक्त शिक्षण, मग चित्रपटात नट व्हायची धडपड, ती फसल्यावर सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटीवादन. अण्णांच्या कानाला कशाचा विटाळ नव्हता. १९४७ च्या 'शहनाई'तल्या 'संडे के संडे'मध्ये त्यांनी सॅक्सोफोन, गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळ एकत्र आणली, तेव्हा कर्मठांनी नाके मुरडली आणि गाणे रस्तोरस्ती गेले. रामचंद्र नाचघरांतले संगीत ऐकत, आणि चिक चॉकलेट त्यांच्यासाठी वाजवत असे, वाद्यमेळ रचायला मदत करत असे.

'अलबेला' आला १९५१ मध्ये. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, अमरावतीचा जन्म. नायिका गीता बाली, गीते राजेंद्र कृष्ण यांची. या चित्रपटातल्या एका गाण्यात चिक आणि त्याचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. 'शोला जो भडके' पुन्हा एकदा लावून पाहावे अशी वाचकांना विनंती आहे. मात्र या वेळी लता मंगेशकर आणि चितळकर यांच्याकडे दुर्लक्ष करून. (हे सोपे नाही, हे कबूल.) बाँगोची लय मागे चालू राहते. तिच्यावर ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट ही फुंकीची वाद्ये आळीपाळीने पुढे येतात. ओळी संपतात तेथे वाद्ये उत्तर देतात. उत्तर देताना ती गायकाची चाल गिरवत नाहीत, तिला टोमणा मारतात, खोडी काढतात. आपल्याकडच्या साथीची रीत अशी की सारंगी किंवा पेटी गायकाच्या मागून जाते, त्याची सावली होते. येथे वाद्य गायकाशी संभाषण करते. हे संभाषण जाझचे आहे. ब्लूजमध्ये गायक एक ओळ म्हणतो आणि उरलेल्या जागेत कॉर्नेट तिला उत्तर देते. १९२५ मध्ये गायिका बेसी स्मिथ आणि तरुण आर्मस्ट्राँग यांनी एकत्र केलेल्या ध्वनिमुद्रणांत हीच रीत तिच्या मूळ रूपात ऐकू येते. तेव्हा अलबेलात केवळ 'पाश्चात्त्य ठेका' उचलला गेला असे म्हणणाऱ्यांनी वरवर ऐकले आहे. ठेका कोणीही उचलतो. येथे वाद्याचा दर्जा बदलला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हे जाझ नव्हे. जाझचा प्राण जागच्या जागी रचण्यात. चित्रपटगीतातला प्रत्येक सूर आधी कागदावर लिहिलेला. एकदा ध्वनिमुद्रण झाले की तेच तेच कायमचे. शिवाय बाँगो क्यूबाचा, कित्येक लकबी लॅटिन अमेरिकेच्या, आणि 'समाधी'तल्या (१९५०) 'गोरे गोरे'सारखी चाल सरळ परदेशी गाण्यावरून बेतलेली. सगळे खरे. मीही यास शुद्ध जाझ म्हणत नाही. परंतु कागदावर लिहिलेले वाजवतानाही वादक सूर कसा फेकतो, कोठे रेंगाळतो, ट्रम्पेटचे तोंड झाकून आवाज कसा चिरका करतो हे कागदावर नसते. ते त्याने रात्रीच्या हॉटेलांत कमावलेले असते. संहिता आणि प्रयोग यांतला भेद नाटक शिकवणाऱ्यांनी तरी विसरू नये.

'आशा' (१९५७) मधल्या 'ईना मीना डीका'ची कथा या संदर्भात सांगण्यासारखी आहे. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांच्या आठवणीनुसार स्टुडिओबाहेर मुले खेळताना इंग्रजी गणतीचे बोल म्हणत होती. त्यावरून रामचंद्र आणि त्यांचे सहायक यांनी निरर्थक अक्षरांची रचना करायला घेतली, आणि जॉन गोम्स या गोव्याच्या वादकाने त्यात 'माका नाका' ही कोकणी भर घातली. माका नाका म्हणजे 'मला नको'. सबंध हिंदुस्थान ज्याला अर्थहीन बडबड समजून नाचला त्यात गोव्याच्या एका वादकाचे हे दोन शब्द बसून राहिले आहेत. अर्थहीन अक्षरे गाण्याची ही तऱ्हा जाझमध्ये 'स्कॅट' म्हणून प्रसिद्ध. आर्मस्ट्राँगच्या १९२६ च्या 'हीबी जीबीज'पासून ती लोकप्रिय झाली. गाण्याचा कागद हातून पडला म्हणून त्याने तोंडाला येईल ते गायले अशी दंतकथा आहे. आपला तराणा याच कुळातला. रामचंद्रांना दोन्ही ठाऊक होते.

या गाण्यांनी आमच्या जिल्ह्यात प्रवेश केला तो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. 'अलबेला' आला तेव्हा पोलीस कारवाईला जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. मुंबई राज्यात आलो ते १९५६ मध्ये. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. जन्माने पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. एका मराठी माणसाने बांधलेली गाणी दुसऱ्या मराठी माणसाने बंद केली आणि ती आम्हाला ऐकवली सिंहलद्वीपाने! रेडिओ सिलोनवरून १९५२ पासून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. माझ्या वडिलांच्या पिढीतले लोक सांगतात की बुधवारी रात्री आठ वाजता गावातल्या ज्या एका घरी रेडिओ होता तेथे ओटा भरून जाई. आवाज येई-जाई, खरखर असे. पण गीतमालेतून कळणार ते चित्रपटाचे, गायकाचे, संगीतकाराचे आणि गीतकाराचे नाव. केसकरांच्याच कारकिर्दीत १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली, तेथेही हीच प्रथा. एच. एम. व्ही.च्या तबकडीवर हीच प्रथा. ट्रम्पेट कोणी वाजवला हे विचारण्याची सोय कोठेच नव्हती, आणि सोय नसली की काही काळाने प्रश्नही पडेनासा होतो.

ओट्यावरून ही गाणी बँडमध्ये गेली. आमच्याकडे बँड वाजवणारे प्रामुख्याने होलार आणि मातंग समाजातले. वाजंत्री आणि हलगी हा त्यांच्याकडे पिढीजात आलेला, बरेचदा लादलेला, हुन्नर. त्यांना कागद वाचता येत नव्हता. त्यांनी रेडिओवरून चिकचा ट्रम्पेट कानाने उचलला आणि त्यात आपल्या सनईची वळणे मिसळली. म्हणजे प्रवास असा झाला : न्यू ऑर्लिन्समध्ये गुलामांच्या नातवंडांनी लष्करी बँडची पितळी वाद्ये हाती घेऊन जे केले, ते शिकागोमार्गे मुंबईला आले, गोव्याच्या मुलांनी ते कागदावर उतरवले, आणि मराठवाड्यातल्या वाजंत्र्यांनी ते कागदावरून सोडवून पुन्हा मोकळे केले. मारुतीच्या देवळापाशी मी जे ऐकले त्यात आवर्तने वाढवण्याचे, एकाने दुसऱ्याकडे मान हलवून सोपवण्याचे जे काही होते, ते कोणत्याही चित्रपटाच्या तबकडीवर नव्हते. ते त्या लोकांचे होते. माझा भास पुरता खोटा नव्हता म्हणतो तो एवढ्याचसाठी.

नावांचा प्रश्न मात्र राहतोच. हिंदी चित्रपटसंगीताचे सूचीकरण आपल्याकडे झालेच नाही असे नाही. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी एकट्याच्या हिमतीवर 'हिंदी फिल्म गीत कोश'चे खंड काढले. दशकवार, प्रत्येक चित्रपटाची प्रत्येक गाण्याची नोंद. दलोनेच्या तोडीचे काम. पण त्यातही नोंद गायकाची, गीतकाराची, संगीतकाराची आणि तबकडीच्या क्रमांकाची आहे. वादकांची नसणार, कारण ती कोणी लिहूनच ठेवली नव्हती. स्टुडिओत दिवसाच्या बिदागीवर येणाऱ्याचे नाव कशाला लिहायचे? ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने उरलेल्या वादकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि २००८ मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिले. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जाझपर्वाचा इतिहास 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात मांडला, तो २०१२ च्या आगेमागे. दोन्ही इंग्रजीत. तोवर चिक चॉकलेटला जाऊन चार दशके उलटली होती (निधन १९६७), आणि फ्रँक फर्नांडही २००७ मध्ये गेले होते. फर्नांड यांनी 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले म्हणून गोव्यात तरी त्यांचे नाव राहिले.

नाव राहण्याचा एक चमत्कारिक मार्गही आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि वाद्यमेळ रचनाकार. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा कार्यक्रम केला, त्यात लताबाई आणि मन्ना डे गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेला निघून गेले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलालजींनी गुरूचे नाव एका गाण्यात गोवले, आणि अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ ते नाव घराघरांत घेऊन गेला. ते खऱ्या माणसाचे नाव आहे हे गाणाऱ्या कोट्यवधींना ठाऊक नव्हते. माणूस विसरला जाऊन नाव उरल्याचे असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

आता थोडे आपल्या घरच्याबद्दल, म्हणजे मराठी समीक्षेबद्दल. काळ्या अमेरिकेशी नाते सांगण्यात मराठवाडा मागे नव्हता. उलट तो पुढे होता. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखडे यांनी औरंगाबादच्या नागसेनवनातून काळ्यांच्या साहित्याचा दाखला देत दलित लेखकांना हाक दिली. लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच तेथून घेतले. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, लँगस्टन ह्यूज ही नावे आमच्या एम. ए.च्या वर्गात सहज उच्चारली जात. पण त्या लेखकांच्या वाक्यांखाली जे संगीत वाजत होते ते आम्हाला कोणी ऐकवले नाही, आणि नंतर प्राध्यापक झाल्यावर मीही बराच काळ कोणाला ऐकवले नाही. ह्यूजच्या १९२६ च्या पहिल्या संग्रहाच्या नावातच ब्लूज आहे. राल्फ एलिसनच्या 'इन्व्हिजिबल मॅन' (१९५२) या कादंबरीच्या आरंभी तळघरात राहणारा निवेदक आर्मस्ट्राँगची 'ब्लॅक अँड ब्लू' ही तबकडी ऐकतो, आणि ती एकाच वेळी पाच ग्रामोफोनवर वाजावी अशी इच्छा धरतो. कादंबरीचे नाव 'अदृश्य माणूस', आणि त्या माणसाला आपले रूप सापडते ते एका ट्रम्पेटमध्ये. हे प्रकरण तबकडी न लावता शिकवणे म्हणजे ओवी न गाता जात्यावरची गाणी शिकवण्यासारखे आहे. तेही आपण करतोच, असो.

कवींचे कान अधिक तीक्ष्ण असावेत. अरुण कोलटकर ब्लूजचे रसिक आणि पखवाजाचे विद्यार्थी होते, हे त्यांची मराठी कविता वाचताना लक्षात ठेवावे. वाक्य कोठे तोडायचे याची त्यांची जाण केवळ छापील कवितेतून आलेली नाही.

जाझची 'अधिकृत' वाट पुढेही चालू राहिली. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन, १९६४ मध्ये खुद्द आर्मस्ट्राँग भारतात येऊन वाजवून गेले. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत 'जाझ यात्रा' सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्स वाजवून गेला. हा इतिहास बऱ्यापैकी नोंदला गेला आहे, कारण तो इंग्रजी वृत्तपत्रांच्या वाचकांचा होता.

सी. रामचंद्रांना मराठी माणूस आज आठवतो तो २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लताबाईंनी प्रथम गायलेल्या 'ऐ मेरे वतन के लोगो'साठी, 'अनारकली'साठी, किंवा मराठीत 'घरकुल'मधल्या (१९७०) गाण्यांसाठी. यात गैर काही नाही. १९७७ च्या 'माझ्या जीवनाची सरगम' या आत्मचरित्राचीही चर्चा होते ती बहुधा चवीसाठी. पुणतांब्याच्या या माणसाने हळदोण्याच्या माणसाला आपल्या गाण्यात मोकळी जागा दिली, ही गोष्ट मराठी संगीतेतिहासात यायला हवी. ती येत नाही याचे एक कारण मला असे दिसते की गोव्याचा ख्रिस्ती वादक आपल्याला 'आपला' वाटत नाही. तो कोकणी, तो चर्चमधला, तो हॉटेलातला. जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या उस्मानाबादेत भरले, तेव्हा अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्या निवडीवर जी कुजबुज झाली ती येथील अनेकांना आठवत असेल. भरलेल्या मांडवाने त्यांचे स्वागत केले हेही आठवत असेल.

गेल्या वर्षी वर्गात एलिसनचे ते प्रकरण शिकवताना मी प्रथमच 'ब्लॅक अँड ब्लू' लावले आणि पाठोपाठ 'शोला जो भडके'. मुले हसली, काहींनी बाकावर ताल धरला. मग मी चिक चॉकलेटविषयी, त्याच्या गावाविषयी, १९३५ च्या ताजविषयी सांगितले. मला हे सांगताना नेहमीच थोडा अभिमान होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमचे आजोबा बँडमध्ये क्लारनेट वाजवायचे. हेच गाणं वाजवायचे. तुम्ही म्हणता त्या देवळापाशी ट्रम्पेट कोण वाजवायचं?"

मला सांगता आले नाही. शिकागोच्या १९२६ च्या ध्वनिमुद्रणात पियानोवर कोण होते हे मला पाठ आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात जो वाजवत होता त्याला आम्ही सगळे 'मास्तर' म्हणत होतो. वरात संपल्यावर ती माणसे मांडवाच्या मागे वेगळ्या पंगतीला बसली होती, एवढे स्पष्ट आठवते. मुलीने घरी विचारून येते म्हणून सांगितले. आजोबांना आता ऐकू कमी येते. पण त्यांना गाणे गुणगुणून दाखवल्यावर त्यांनी चार नावे सांगितली, कोण कोणते वाद्य वाजवी ते सांगितले, आणि त्यांतला ट्रम्पेटवाला कोणत्या गावचा होता तेही. तिने ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणली. पुढच्या सुट्टीत आम्ही त्या गावाला जाणार आहोत.